दहा मैल आणि पाच किलोमीटर

आमच्या माणदेशात सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही दुष्काळाबद्दल विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “बहात्तरला पानी व्हतं, दाना नव्हता. आता दाना हाय, पानी न्हाय.” पारावर, एसटी स्टँडवर, दहाव्याच्या जेवणाला, कुठंही. म्हातारी माणसं हे एका दमात बोलतात आणि तंबाखू मळायला लागतात. म्हणजे विषय संपला. मी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला इतिहास शिकवतो. माझं काम तिथून पुढं सुरू होतं.

तसा मीही बहात्तरच्या कामावर हजर होतो. आई खडी फोडायची तेव्हा शेजारच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत मी होतो, असं घरी सांगतात. साक्षीदार म्हणून माझी किंमत शून्य. जे काही ठाऊक आहे ते आज्जीच्या तोंडून.

आज्जीचं सांगणं दुष्काळापासून सुरू होतच नसे, ते बोटांपासून सुरू व्हायचं. डाव्या हाताचं पहिलं बोट तिचं शेवटपर्यंत वाकडं राहिलं. पहिल्या आठवड्यात बायका दगड नुसत्या हाताने धरायच्या आणि हातोडी बोटावर यायची. मग एका वडारणीने शिकवलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची चुंबळ करायची, दगड त्यात बसवायचा आणि मग घाव घालायचा. दगड निसटत नाही आणि कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. डोक्यावर दोन काठ्यांना बांधलेलं धोतराचं पान, तेवढीच सावली. संध्याकाळी मुकादम यायचा आणि मोजायच्या आधी ढिगाला लाथ घालायचा, आत अख्खे दगड दडवलेत का बघायला. ढीग पसरला की माप कमी भरायचं. “लाथ त्यो ढिगाला न्हाय, आमच्या पगाराला मारायचा,” असं आज्जी म्हणायची.

पोरांसाठी सुकडी यायची, भाजलेल्या पिठाची गोडसर भुकटी. ती पोरांनाच द्यायची असा दंडक. एकदा कुणी बघत नाही असं पाहून आज्जीने चिमूटभर आपल्या तोंडात टाकली. ऐंशीच्या घरात असतानाही हे सांगताना ती दाराकडे बघून घ्यायची. आणि मिलो! परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी थापता थापता फाटायची आणि खाल्ली की घशाशी बसायची. ‘अमेरिकेत ही डुकरांना घालतात’ हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी सांगितलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

अशा गोष्टी सांगितल्या की वर्ग खूश असतो. पण गोष्ट ऐकून खूश होणं म्हणजे इतिहास शिकणं नव्हे. आमच्या मुलांना भूतकाळ आणि आजचं वर्तमानपत्र जोडायला सांगितलं की उत्तरपत्रिकेच्या शेवटी हमखास एक ओळ येते, ‘म्हणूनच इतिहासाची पुनरावृत्ती होते.’ मला या ओळीचा वीट आलाय. १८७७चा दुष्काळ, १९७२चा दुष्काळ, २०१६ला मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे, सगळं एकाच माळेत ओवलं की झालं. कशाचीच पुनरावृत्ती होत नाही. होतं असं की एखादी कल्पना कुणीतरी मांडतो, दुसरा ती कायद्यात घालतो, तिसरा तिच्याविरुद्ध भांडून ती उलटी करतो आणि शंभरेक वर्षांनी ती आपल्या घरात येऊन बसते, आपल्याला पत्ता नसतो. त्यामुळे ‘तेव्हा आणि आता सारखं काय?’ हा प्रश्न मी बंद केला. ‘हे आपल्या दारापर्यंत कुणी आणून सोडलं?’ हा सुरू केला.

सुरुवात म्हाताऱ्यांपासूनच. प्रत्येकाने एक म्हातारं माणूस गाठायचं आणि मोबाईलवर बोलणं टिपून घ्यायचं. ‘दुष्काळ कसा होता?’ हा प्रश्न विचारायला मात्र बंदी. तो विचारला की ते गोळीबंद वाक्य मिळतं आणि पुढं तंबाखू. विचारायचं ते बारीक. कामावर किती चालत जायचा? हजेरीपटावर अंगठा कोण उठवायचं? पगार बाईच्या हातात यायचा की नवऱ्याच्या? पाणी कुठल्या विहिरीचं?

पहिल्यांदा मजुरीवरून घोळ झाला. कुणाची आजी दीड रुपया सांगे, कुणाचे तात्या तीन रुपये. पोरांनी निकाल लावून टाकला, म्हातारी माणसं विसरतात. कुणी विसरलं नव्हतं. पगार मोजमापावर होता. धडधाकट गडी आणि पोटुशी बाई यांच्या ढिगांत फरक पडणारच. दोघांचं खरं असू शकतं, आणि दोघांच्या आकड्यांमधली ती तफावत हाच खरा पुरावा. हे कळलं तेव्हा वर्गात जरा जान आली.

मग पाण्याचा प्रश्न निघाला. नदीकाठच्या गावांतून आलेल्या पोरांकडे तेच वाक्य, पाणी होतं. माळावरच्या वाड्यांतून आलेल्यांकडे वेगळंच काही, विहिरी ठणठणीत आणि रात्रीपासून हंड्यांची रांग. एका मुलीने आपल्या आजीचं बोलणं वर्गात ऐकवलं. “पानी व्हतं की. पाटलाच्या हिरीत व्हतं. आमी काठाला लांब उभं ऱ्हायचो. कुनाला दया आली तर वरनं घागरीत वतायचं.” परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला विहिरीवर पाणी घेतलं म्हणून दलित बायकांची विटंबना झाली ती १९७२च्याच उन्हाळ्यात. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिच्या जन्मामागे अशाच घटना होत्या. आमच्या पाठ्यपुस्तकात दुष्काळ एका प्रकरणात आणि पँथर दुसऱ्याच प्रकरणात. म्हातारीच्या चार वाक्यांत दोन्ही एका विहिरीच्या काठावर उभे होते. “बाकीच्यांच्या आज्ज्यांनी हे का नाही सांगितलं?” एकाने विचारलं. त्या मुलीनेच उत्तर दिलं, “त्या काठाला त्या कधी उभ्याच नव्हत्या.”

आणि ‘आता पाणी नाही’ याचं काय? तेही आभाळातून पडलेलं नाही. दुष्काळाच्या त्या वर्षांत खडक फोडणारी बोअरची यंत्रं गावोगाव फिरायला लागली, युनिसेफने आणलेली त्यांत पुष्कळ. जालना आणि सोलापूर इथं मिशनरी मंडळींनी दणकट हातपंप घडवले होते. सोलापूरच्या पंपावरून पुढं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि तो जगभर गेला. माझ्या मते महाराष्ट्राच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात या हातपंपाचं चित्र हवं, तोफांची चित्रं थोडी कमी झाली तरी चालेल. बाईचा हंडा त्याने भरला हे खरं. पण वीस-तीस फुटांवरच्या पाण्याची भाषा संपून शे-दोनशे फुटांची सुरू झाली तीही तेव्हापासूनच. हातपंपाने पाणी संपवलं नाही. मागोमाग वीजपंप आले आणि ऊस आला, त्यांनी ते ओढलं. आता आमच्याकडे काही शिवारांत टेंभू योजनेचं पाणी पोचलंय आणि डाळिंबाच्या बागा दिसतात, काही शिवारांत अजून छावणीच्या आठवणी ताज्या आहेत.

पण मला बोलायचंय ते अंतराबद्दल.

‘कामावर किती चालत जायचा?’ या प्रश्नाची उत्तरं आम्ही नकाशावर मांडली. बहात्तरला बहुतेकांचं काम गावाच्या शिवेजवळ होतं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ता. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. चालत जाऊन संध्याकाळी घरी येता येईल इतक्या अंतरावर. मग मी शेजारी १८७७चा नियम ठेवला. धडधाकट माणसाला त्याच्या घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचं नाही. आत नाही, बाहेरच.

पोरांना आधी वाटलं, छपाईची चूक असेल. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. उपाशी माणसाने घर, म्हातारे, जनावरं सोडून तिकडं जाऊन राहायचं. कारण? खरोखर मरायला टेकलेलाच तेवढं चालेल आणि नुसता फुकट खायला सोकावलेला घरी बसेल. गरज तपासायची चाचणीच होती ती. काम मुद्दाम कष्टाचं, मजुरी मुद्दाम कमी, अंतर मुद्दाम लांब.

या चाचणीमागचा माणूस रिचर्ड टेंपल, आणि त्याची कथा वर्गात सांगायला मला फार आवडते. १८७३-७४ला बिहारमध्ये दुष्काळाचं संकट आलं तेव्हा याच टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला आणि माणसं जगवली. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळायला हवी होती. मिळाला तो खर्चिकपणाचा शिक्का. दोनतीन वर्षांनी व्हाइसरॉय लिटनने त्याला दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर पाठवलं तेव्हा साहेब शहाणा झाला होता. त्याने मजुराचा रोजचा शिधा एक पौंड धान्यावर आणून ठेवला, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, वर किरकोळ रोकड. दिवसभर खडी फोडणाऱ्याला. मद्रासचा सरकारी डॉक्टर कॉर्निश ओरडून सांगत होता की एवढ्यावर कष्टाचं काम होत नाही, माणूस झिजून मरतो. शेवटी तिकडं शिधा वाढवावा लागला. तोवर फार माणसं गेली होती. एका वर्षी जीव वाचवणारा आणि दुसऱ्या वर्षी भाकरी मोजणारा माणूस एकच. ‘टेंपल वाईट होता का?’ असं पोरं विचारतात. मी म्हणतो, तो वाईट की चांगला हे राहू द्या, त्याला बिहारनंतर बोल कुणी लावला ते शोधा.

आपल्या बाजूला शोधण्याजोगं पुष्कळ आहे. पुण्याची सार्वजनिक सभा १८७०ची. १८७६-७७ला तिने तालुक्यातालुक्यांतून दुष्काळाच्या हकिकती मागवल्या आणि सरकारपुढे ठेवल्या. तिचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १ जानेवारी १८७७च्या दिल्ली दरबाराला खादी घालून गेले. तिकडं दरबाराचे हत्ती झुलले आणि त्यानंतर लवकरच इकडं दख्खनमध्ये एक पौंडाच्या शिध्याविरुद्ध मजुरांनी काम सोडलं. हा दुष्काळी कामावरचा संप आमच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींचाही नाही. पुढं दुष्काळावर नेमलेला स्ट्रॅची आयोग, त्याचा १८८०चा अहवाल आणि त्यातून दुष्काळ संहिता आली. १८९६ला टिळकांनी ती संहिता मराठीत लोकांपर्यंत पोचवली. पीक बुडालं असेल तर सारा माफ करायची तरतूद कायद्यातच आहे, भिऊ नका, मागा. साहेबाचाच नियम साहेबाला वाचून दाखवायचा. आमच्या तालुक्यात आज एखादा कार्यकर्ता बायकांना एकत्र बसवून ‘नमुना ४’ भरून घेतो, काम मागितल्याची पावती मिळाल्याशिवाय उठू नका म्हणतो, तेव्हा तो टिळकांचं नाव घेत नाही. त्याला ते ठाऊकही नसेल. रीत मात्र तीच, आणि वाट आखता येते.

कारण मधला टप्पा आमच्याच सांगली जिल्ह्यातला. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला साठच्या दशकात वि. स. पागे यांनी एक प्रयोग केला. हाताला काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे आणि त्यातून गावात काहीतरी उभं राहिलं पाहिजे. पागे विधान परिषदेचे सभापती. बहात्तरच्या दुष्काळाने तो प्रयोग साऱ्या राज्याची गरज करून टाकला. १९७७ला महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. २००५ला संसदेने देशासाठी कायदा केला तेव्हा त्यात लिहिलं गेलं, काम शक्यतो घरापासून पाच किलोमीटरच्या आत. त्याहून लांब द्यावं लागलं तर मजुरी दहा टक्के जास्त. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता.

फळ्यावर मी एवढंच लिहितो. वर ‘दहा मैलांच्या बाहेर’, खाली ‘पाच किलोमीटरच्या आत’. टेंपलच्या काळी माणसाला सिद्ध करावं लागायचं की तो उपाशी आहे. आता काम दिलं हे सरकारने सिद्ध करायचं. कागदावर तरी. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं, अर्धवट बंधारे, महिनोन्‌महिने थकलेली मजुरी हे सगळं पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं, कारण ते त्यांच्या घरातलं आहे. ते त्यांनी सांगायचं. उलटा झालेला नियम आणि न पोचलेली मजुरी, दोन्ही एकाच वहीत लिहायचं.

घरापर्यंतची वाट कधीकधी खिशातूनही जाते. एका पोराचा भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला २०० रुपये कापलेले, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २५००. व्यवसाय कर. घरात सगळे त्याला ‘सरकारची लूट’ म्हणत. १९७५ला हा कर बसवला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी, आणि जेवढा जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलेलं. नोकरदार शहराने कोरडवाहू गावासाठी टाकलेली वर्गणी. पोराने हे भावाला फोनवर सांगितलं. भाऊ म्हणाला, “म्हणजे आपल्या आजीच्या खडीचे पैसे मी अजून भरतोय का?” हिशोबाने हे बरोबर नाही, पण जवळपास आहे.

एवढं झाल्यावर वर्तमानपत्र उघडायला हरकत नाही. २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये, आणि वर्गात दोन तट पडले. “फुकट दिलं की माणूस आळशी होतो, सर.” हे वाक्य म्हणणारा पोरगा स्वतः आईच्या त्याच पैशांतून एसटीचा पास काढतो, आणि ते त्याला मुलींनी ऐकवलं. मी मध्ये पडलो नाही. एवढंच विचारलं की मदत द्यायच्या आधी माणसाची परीक्षा घ्यायची ही कल्पना कुठून आली? उत्पन्नाची अट, केवायसी, यादीतून गळणारी नावं हे सगळं वाईट असतं का? खोटी नावं रोखायला काहीतरी चाळण लागतेच. टेंपलच्या दहा मैलांत आणि या अटीत फरक कुठं? एका मुलीने चांगलं उत्तर दिलं. तेव्हाच्या उपाशी माणसाला टेंपलला निवडणुकीत पाडता येत नव्हतं. दुसरी म्हणाली, पण निवडणूक आहे म्हणूनच पैसे देतात, मग तो हक्क कुठं राहिला? रोजगार हमीत काम मागायचा हक्क आहे, इथं हप्ता कधी येईल त्याची वाट बघायची. मला या दोन उत्तरांत निवड करता आली नाही, आणि करायचीही नव्हती. बाकड्यांवरून राजकीय घोषणा सुरू झाल्या तेव्हा तेवढ्या थांबवल्या.

यंदा आम्ही एका विद्यार्थ्याच्या आजीलाच वर्गात बोलावलं. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, खाली बसते म्हणाली. शेवटी पोरांनी बाकडी बाजूला सारली आणि सगळेच सतरंजीवर बसले. तिने खडी सांगितली, सुकडी सांगितली, राजेवाडीच्या तलावाचंही सांगितलं. त्यावर तिच्या सासऱ्याच्या बापाने माती वाहिली होती म्हणे, तोही जुन्या दुष्काळातलाच. मग एका पोराने वहीतून १८७७चा शिधा वाचून दाखवला.

“पौंड म्हंजी किती रं?” तिने विचारलं. साडेचारशे ग्रॅम, कुणीतरी सांगितलं. तिने ओंजळ केली, मनाशी मोजलं. “यवढ्यात गड्याच्या तीन भाकरी व्हत्यात. पोरांचं काय?”

“पोरांचं वेगळं, थोडं कमी,” वाचणारा चाचरत म्हणाला.

“मग काम सोडलं का न्हाय त्येंनी?”

“सोडलं. संप केला.”

“करनारच,” ती म्हणाली. “आमीबी क्येला हुता. मुकादमानं माप कमी धरलं तवा समद्या बायकांनी हातोड्या खाली ठिवल्या. दोन दिस. मग सायेब आला जीपमधनं.”

हे तिने नातवालाही कधी सांगितलं नव्हतं. नातू वही उघडून पुढं सरकला. मापात किती पडत होतं, बायकांना आधी कुणी उठवलं, साहेब काय बोलला, कापलेला पगार परत मिळाला का, प्रश्न चारी बाजूंनी सुटले. तास केव्हाच संपला होता. ती दोनदा उठू लागली आणि दोनदा बसवली गेली. शेवटी तिनेच सांगितलं की तीनची एसटी गेली तर वाडीला मुक्कामी गाडीशिवाय काही नाही, आणि घरी म्हशीची धार काढायचीय. राहिलेले प्रश्न घेऊन चौघेजण तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले.